पाळीव प्राण्यांचे दयामरण

पाळीव प्राण्यांचे दयामरण म्हणजे असाध्य आजाराने किंवा गंभीर दुखापतीने पीडित असलेल्या पाळीव प्राण्याचे जीवन, त्याच्या वेदना थांबाव्यात या हेतूने आणि पालकाच्या संमतीने, पशुवैद्याने औषध देऊन संपवणे होय. कर्करोग, निकामी झालेली मूत्रपिंडे, हृदयविकाराची अंतिम अवस्था आणि बरा न होणारा लकवा ही कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत याची नेहमीची कारणे आहेत.

संज्ञा

मराठीत यासाठी काही वेळा 'इच्छामरण' हा शब्द वापरला जातो. तो येथे नेमका ठरत नाही. महाभारतातील भीष्म इच्छामरणी होते, कारण मरणाची वेळ ठरवणे त्यांच्या हाती होते. प्राण्याला आपली इच्छा सांगता येत नाही. त्याच्या वतीने दुसरे कोणी ठरवते. बोलीत 'इंजेक्शन देणे' किंवा 'झोपवणे' असे म्हटले जाते. लहान मुलांशी बोलताना 'झोपवले' हा शब्द टाळणे इष्ट मानले जाते, कारण त्यामुळे मुले प्राणी जागा होण्याची वाट पाहतात किंवा स्वतः झोपायला घाबरतात.

निर्णय

सर्वांत कठीण भाग औषधाचा नसून वेळ ठरवण्याचा असतो. प्राणी, विशेषतः मांजरे, वेदना लपवतात. खाणे सोडणे, कोपऱ्यात लपून राहणे, उठता न येणे, जागेवरच मलमूत्र होणे, ही लक्षणे हळूहळू वाढत असल्याने रोज पाहणाऱ्याच्या नजरेला ती सवयीची होतात. श्वास घेण्यास होणारा त्रास सर्वांत गंभीर मानला जातो.

अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली जीवनमान मोजपट्टी यासाठी बरीच वापरली जाते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण दिले जातात. बेरीज ३५ च्या वर असल्यास शुश्रूषा चालू ठेवणे योग्य समजतात. मात्र हे गुण पालकच देतो आणि त्याची आशाही त्यांत मिसळते. म्हणून दिनदर्शिकेवर रोज 'चांगला' किंवा 'वाईट' एवढीच खूण करण्याचा साधा उपायही सुचवला जातो. अखेरच्या दिवसांतील धावपळीत, श्वास कोंडत असताना मरण येण्यापेक्षा थोडे आधी आणि शांतपणे निरोप देणे बरे, असे अनेक पशुवैद्यांचे मत आहे. दुसऱ्या बाजूने, केवळ गैरसोय होते म्हणून बऱ्या होऊ शकणाऱ्या प्राण्याला मारण्यास पशुवैद्य नकार देऊ शकतात.

प्रक्रिया

पालकाची लेखी संमती घेतल्यानंतर बहुधा आधी गुंगीचे औषध दिले जाते. पायाच्या शिरेत सुई बसवून त्यातून पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोन यांसारख्या बार्बिट्युरेट गटातील औषधाची मोठी मात्रा देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास आणि काही मिनिटांत हृदय थांबते. पशुवैद्य स्टेथोस्कोपने मृत्यूची खात्री करतात.

डोळे उघडेच राहणे, स्नायूंची थरथर, एखादा खोल उसासा किंवा लघवी होणे या गोष्टी मृत्यूनंतरही घडू शकतात. त्या वेदनेच्या खुणा नसतात, पण आधी कल्पना न दिल्यास पालकाच्या मनात त्या कायमच्या रुतून बसतात. त्या वेळी जवळ थांबायचे की नाही हे पालकाने ठरवायचे असते. ओळखीचा आवाज आणि स्पर्श यांमुळे प्राणी शांत राहतो.

भारतातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने स्ट्रिक्नीन टोचून किंवा अन्य अनावश्यक क्रूर रीतीने प्राण्याला मारणे गुन्हा ठरवले आहे. ज्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याचा अंत करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या २००१ च्या नियमांत असाध्य आजारी कुत्र्याला दयामरण देण्याची मुभा होती. ते दुसऱ्या कुत्र्यासमोर देऊ नये, असेही त्यांत म्हटले होते. या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. माणसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केवळ निष्क्रिय दयामरण मान्य केले.

साबरमतीचे वासरू

भारतीय परंपरेत असा अंत सहज स्वीकारला गेला नाही. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली आणि १८३४ मध्ये तेथे पांजरपोळ स्थापन झाली. जनावराला नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळणे ही पांजरपोळांची रीत होती. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असह्य वेदनेने तळमळत होते आणि उपचारांची आशा उरली नव्हती. सहकाऱ्यांशी चर्चा करून महात्मा गांधींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देवविले. त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. क्रोधाने किंवा स्वार्थाने जीव घेणे ही हिंसा आहे. दुसरा उपाय उरला नसताना पीडिताच्याच हितासाठी केलेली ही कृती अहिंसाच आहे, असे त्यांनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'तून मांडले. प्रत्येक जीव आपले कर्म भोगूनच सुटतो असे मानणाऱ्यांना हा युक्तिवाद पटला नाही, आणि हा मतभेद आजही दवाखान्यांत ऐकू येतो.

मृत्यूनंतर

पेंटोबार्बिटल मृतदेहात दीर्घकाळ टिकते. असा देह उघड्यावर टाकल्यास तो खाणारी गिधाडे, घारी आणि कुत्री मरू शकतात. त्यामुळे दहन किंवा खोल दफन आवश्यक असते. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे पाळीव प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली.

पालकाच्या दुःखाला समाजात फारशी जागा नसते. त्यासाठी सुतक नाही, रजा नाही आणि भेटायला येण्याची रीतही नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी अशा अमान्य शोकाला स्वतंत्र नाव देऊन त्याचा अभ्यास केला. येथे त्याला अपराधभावाचीही जोड असते, कारण संमतीपत्रावर सही पालकाचीच असते.