दूरनियंत्रित विद्युत मोटारी : वेग, गिअर आणि धावकाळ यांच्या अनुमानाचा इतिहास

प्रस्तावना :
तंत्रविद्येचा इतिहास बहुधा कारखाने, प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. छंद म्हणून जोपासल्या गेलेल्या तंत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः मोजमाप आणि आकडेमोड यांची शिस्त अनेकदा छंदाच्या मैदानावरही घडत असते. रेडिओने चालणारी विद्युत मोटार हे याचे उत्तम उदाहरण होय. मोटार किती वेगाने धावेल, तिला कोणता गिअर लावावा आणि बॅटरी किती मिनिटे पुरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे शर्यतीपूर्वी कागदावर काढण्याची पद्धत या छंदात कशी रुजली व पुढे कशी बदलली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तारेपासून मुक्तता :
निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी नियंत्रित होणाऱ्या नौकेचे प्रात्यक्षिक दाखविले. खेळण्यातील मोटारीपर्यंत हे तंत्र पोहोचण्यास मात्र सुमारे सात दशके लागली. दरम्यान १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये स्केलेक्सट्रिक या नावाने खाचेतून धावणाऱ्या विद्युत मोटारी बाजारात आल्या. त्यांना वीज मार्गातील धातूच्या पट्ट्यांतून मिळत असल्याने धावकाळाचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९६६ मध्ये इटलीतील ‘एल-जी’ या कंपनीने १:१२ प्रमाणातील फेरारी २५० एलएम ही रेडिओनियंत्रित विद्युत मोटार विक्रीस आणली. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ ही आपली पहिली दूरनियंत्रित मोटार सादर केली. त्याच मोटारीच्या स्थिर प्रतिकृतीसाठी बनविलेले साचे येथे पुन्हा उपयोगात आणले गेले. मोटार आता मार्गाच्या बंधनातून मुक्त झाली. परंतु आपली ऊर्जा आपल्याबरोबर वाहून नेण्याची जबाबदारी तिच्यावर आली. धावकाळाचे गणित या स्वातंत्र्याच्या किमतीतून जन्मास आले, असे म्हणता येईल.

आठ मिनिटांची शिस्त :
१९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १:१२ प्रमाणातील विद्युत मोटारींची जागतिक स्पर्धा भरली. या वर्गातील शर्यतीची मुदत आठ मिनिटांची असे आणि दिलेल्या वेळात अधिकाधिक फेऱ्या पूर्ण करणारा विजयी ठरे. त्या काळी निकेल-कॅडमियम घटांची धारणशक्ती साधारणतः १,२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १.२ अँपिअर-तास होती. तिला ६० ने गुणून ८ मिनिटांनी भागल्यास ९ येतात. याचा अर्थ, शर्यतभर सरासरी ९ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह खर्च करणे स्पर्धकास परवडणारे नव्हते. सहा घटांच्या ७.२ व्होल्ट दाबाने हिशेब केल्यास ही शक्ती सुमारे ६५ वॅट भरते. निकेल-कॅडमियम घटाचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो व अखेरीस एकदम कोसळतो. त्यामुळे सातव्या मिनिटापर्यंत आघाडीवर असलेली मोटार आठव्या मिनिटात रांगू लागे. गाडी हाकण्याच्या कौशल्याइतकेच पूर्वानुमानाचे महत्त्व यामुळे वाढले.

वेगाचे सूत्र सोपे आहे. मोटरचे दर मिनिटाचे फेरे अंतिम गिअर गुणोत्तराने भागावेत आणि चाकाच्या परिघाने गुणावेत. एक उदाहरण घेऊ. मोटरचे फेरे २०,०००, मोठ्या चक्राचे दाते ९०, मोटरवरील पिनियनचे दाते २० आणि चाकाचा व्यास ५० मिलिमीटर आहे, असे मानू. गुणोत्तर ४.५ येते, परिघ १५७ मिलिमीटर भरतो आणि वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर निघतो. परंतु १:१२ मोटारींचे फोमचे टायर धावता धावता झिजत. व्यास ४६ मिलिमीटरवर आला की तोच गिअर ताशी ३८.५ किलोमीटर इतकाच वेग देई. म्हणून स्पर्धकांनी गुणोत्तराऐवजी ‘रोलआउट’ हे माप स्वीकारले. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती मिलिमीटर पुढे सरकते, हे त्यातून कळते. वरील उदाहरणात ते प्रारंभी ३४.९ होते, झिजेनंतर ३२.१ झाले. पिनियन २२ दात्यांचा केल्यास ते ३५.३ होते. योग्य प्रश्न विचारण्यासाठी योग्य राशी निवडावी लागते, हा विज्ञानातील धडा येथे टायरच्या झिजेने शिकविला.

गिअर वाढविण्याचा मोह मात्र महाग पडे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातच गिअर उंचावल्याने मोटरवरील भार आणखी वाढतो. हवेचा रोधच प्रमुख आहे आणि मोटरचे फेरे कायम राहिले असे धरल्यास, वेगात १० टक्के वाढ करण्यासाठी प्रवाह सुमारे ३३ टक्के अधिक लागतो व धावकाळ चौथ्या हिश्शाने घटतो. वळणावळणाच्या मार्गावर वारंवार वेग घेण्याचाही खर्च असतो. म्हणून सूत्रातून आलेला आकडा सरावातील मोजणीशी ताडून पाहणे अनिवार्य ठरले.

साधनांतील परिवर्तन :
आरंभीच्या मोटारींत वेगनियंत्रण रोधकाद्वारे होई. मंद गतीतही मोटरचा संपूर्ण प्रवाह बॅटरीतूनच वाहत असे आणि ऊर्जेचा काही भाग रोधकात उष्णतेच्या रूपाने वाया जाई. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने प्रवाह अतिशय जलद गतीने चालू-बंद करून हा अपव्यय पुष्कळच कमी केला. घट ठरावीक प्रवाहाला किती सेकंद टिकतो हे मोजून, समान गुणांचे घट एकत्र जुळविण्याची प्रथाही पुढे रूढ झाली. निकेल-मेटल हायड्राइड घटांनी धारणशक्ती ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या पुढे नेली. युरोपीय संघाच्या २००६ च्या बॅटरीविषयक निर्देशाने कॅडमियमच्या वापरावर निर्बंध आणले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर यांचा शर्यतींत प्रसार झाला.

दोन घटांच्या ७.४ व्होल्ट, ५,००० मिलिअँपिअर-तास बॅटरीत ३७ वॅट-तास ऊर्जा सामावते. १९८० च्या दशकारंभीच्या बॅटरीत ती साडेआठ वॅट-तासांच्या आसपास होती. पाच मिनिटांच्या शर्यतीत आता सरासरी ६० अँपिअर प्रवाह वापरता येईल, म्हणजे सुमारे ४४४ वॅट. येथे गणित संपले असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ते दुसरीकडे सरकले. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तरी १११ वॅट उष्णतेत जातात. दोनशे ग्रॅमहून कमी वजनाच्या मोटरमध्ये शंभर वॅटचा दिवा कोंडावा, तसाच हा प्रकार होय. अतितप्त मोटरमधील चुंबक आपली शक्ती गमावतो. म्हणूनच मैदानावर घड्याळाच्या जोडीला अवरक्त तापमापक आला आणि पिनियनचा दाता वाढवावा की नाही, हे तापमान पाहून ठरू लागले. पूर्वी बॅटरीतील विद्युतभार मर्यादा घालीत असे. आता उष्णता ती घालते.

निष्कर्ष :
वेग, गिअर आणि धावकाळ या तीन स्वतंत्र राशी नसून एकाच ऊर्जेच्या हिशेबाच्या तीन बाजू आहेत. टंचाईच्या काळात हा हिशेब सक्तीचा होता. विपुलतेच्या काळात तो नाहीसा न होता केवळ त्याची मर्यादा बदलली. आज रस्त्यावरील विद्युत वाहनांच्या जाहिरातींतून एका चार्जिंगमध्ये कापल्या जाणाऱ्या अंतराचा आकडा ठळकपणे सांगितला जातो. तो कोणत्या वेगाने चालविल्यास मिळतो, हा प्रश्न विचारणारा ग्राहक विरळा. छंदाच्या मैदानावरील स्पर्धकाने हा प्रश्न चार दशकांपूर्वीच स्वतःला विचारला होता. महाविद्यालयीन अध्यापनात एक लहान दूरनियंत्रित मोटार, मोजपट्टी आणि घड्याळ एवढ्या साधनांनिशी तो पुन्हा विचारता येईल. विद्यार्थ्याने प्रथम अनुमान लिहावे, मग मोजावे आणि दोहोंतील तफावतीचे कारण शोधावे. भौतिकशास्त्राचे खरे शिक्षण त्या तफावतीपाशी सुरू होते.