ओट्यावरच्या गप्पा आणि वाचलेले जीव

2011 चा उन्हाळा. मला सातवा महिना सरत आला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही सात-आठ जणी नंबरची वाट पाहत बसलो होतो. माझ्या शेजारी ऊसतोडीला जाणारी एक बाई होती. तिची ही तिसरी खेप. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिले, मग तोंडाकडे निरखून पाहिले.

"ताई, तोंड रोजच असं सुजतंय का? डोकं दुखतंय?"

मी म्हटले, दोन दिवसांपासून कपाळ ठणकतेय, मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ती उठलीच. "माझ्या पहिल्या खेपंला असंच झालं होतं. झटके आले, लेकरू गेलं. तू नंबरची वाट बघू नको." माझा हात धरून तिने मला रांग सोडून थेट नर्सबाईंपुढे उभे केले. रक्तदाब 170 वर 110 निघाला. दोन तासांत मला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने सुरू झाली. मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. आता ती माझ्या उंचीची झाली आहे.

त्या बाईचे नाव विचारायचे राहून गेले.

या प्रसंगाच्या तीनच दिवस आधी मी एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी वजन घेतले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या महिन्यात बोलावले. रक्तदाब पाहिलाच नाही. त्याच्याही आधी घरी माझा सातवासा झाला होता. मोहल्ल्यातल्या वीसेक बायका आल्या होत्या. माझे सुजलेले पाय सगळ्यांनी पाहिले होते. दादी म्हणाली, "पावां तो सुजतेच बेटी, नमक कम खा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्या घरात हे वाक्य एकदा आधीही बोलले गेले होते. 1974 साली माझी थोरली फुफी नवव्या महिन्यात गेली. तिचेही पाय सुजले होते, तिचेही डोके दुखत होते, मग झटके आले. कुणी म्हणाले जिन्न लागला, कुणी म्हणाले नजर. दुखणे कुणीच म्हणाले नाही. ही गोष्ट अम्मीने मला माझ्या बाळंतपणानंतर सांगितली. गरोदर बाईपुढे असे बोलायचे नसते, म्हणून तोवर सांगितली नव्हती.

बायकांच्या ज्या गप्पांनी फुफीला वाचवले नाही, तसल्याच गप्पांनी मला वाचवले. असे कसे? हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. गेली काही वर्षे सवड मिळेल तसे मी याविषयी वाचत आले आहे.

सातवाशापासूनच सुरुवात करते. दक्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर 'कानून-ए-इस्लाम' नावाचे एक प्रसिद्ध पुस्तक आहे. जाफर शरीफ या दक्खनी मुन्शींनी ते लिहिले आणि कंपनी सरकारच्या नोकरीतल्या हर्कलोट्स या सर्जनने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते 1832 मध्ये लंडनमध्ये छापले गेले. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सगळ्या रीती त्यात आहेत, आणि त्यांची सुरुवात होते ती सातव्या महिन्याच्या समारंभाने. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दक्खनी मुसलमानाला आपल्या समाजाची ओळख करून देताना पहिली आठवली ती गरोदर बाई आणि तिच्याभोवती जमलेल्या बायका.

सातवासा म्हटले की नवे कपडे, फुलांचे हार, गोद भरणे, ढोलकवरची गाणी. शेजारच्या घरी याचेच डोहाळजेवण होते; तिथे आम्ही जायचो, त्या आमच्याकडे यायच्या. पण गाणी संपल्यावर, पुरुष जवळपास नसताना जे बोलणे चालायचे, तो या समारंभाचा खरा गाभा होता. कुणाला कशाने उलट्या थांबल्या, कुणाचे मूल आडवे होते, कुणाला किती रक्त गेले. पहिलटकरणीला तिच्या अंगात काय चालले आहे ते सांगणारी दुसरी जागाच नव्हती.

त्या बोलण्यात शहाणपण होते तसा घातही होता. कमी खा म्हणजे बाळ बारीक राहील आणि सुटका लवकर होईल, हा सल्ला हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत दिला जायचा. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळाला जन्मताच आंघोळ घालायची, हेही तिथूनच यायचे. जिचे बरे झाले ती आपला अनुभव सांगायची. जिचे मूल गेले तिला मात्र अशुभ म्हणून मागे बसवायचे किंवा बोलवायचेच नाही. त्यामुळे मृत्यूपासून जे शिकायचे ते बैठकीत कधी येतच नसे. माझ्या सातवाशाला आलेल्या वीस जणींपैकी निदान दोघींची मुले गेलेली होती, हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी त्या दोघी गप्प बसल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरी विद्या या दारात आली. पडद्यातल्या आणि पडद्याबाहेरच्याही बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला तयार नव्हत्या. म्हणून 1885 मध्ये लेडी डफरिन यांचा फंड उभा राहिला, 1886 मध्ये मुंबईत पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल सुरू झाले. 1903 मध्ये लेडी कर्झन यांनी दायांना शिकवण्यासाठी वेगळा निधी काढला. या कामाचे मोल मोठे आहे. घाणेरड्या विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने किती बाळे गेली असतील, याची गणतीच नाही.

पण यातून एक सवय रुजली. बाळंतपणातल्या प्रत्येक मृत्यूचा दोष दाईच्या आणि म्हाताऱ्या बायकांच्या माथी मारायचा. शिकलेल्याने बोलायचे, बाईने ऐकायचे. घाणेरड्या विळ्याबरोबर बायकांचे आपसातले बोलणेही अडाणीपणात मोजले गेले. बाकावर शेजारी बसलेल्या बाईला काही ठाऊक असेल, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

हे ध्यानात आले त्यातले एक ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले. बाहेरून आलेल्या शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकत नव्हत्या आणि त्यांचे सांगणे गावाच्या गळी उतरत नव्हते. तेव्हा आरोळे दांपत्याने गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. या बायका ठरल्या दिवशी जामखेडला यायच्या, गोल करून बसायच्या आणि आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगायच्या. कुणाचे मूल गेले, का गेले, काय करायला हवे होते. जी गोष्ट सातवाशाला बोलायची नसते, तीच इथे पहिली बोलली जात होती.

तिकडे दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियाच्या इंकिसिवी या डोंगराळ प्रांतात, 1990 च्या सुमारास असेच काहीसे सुरू झाले. प्रकल्पाचे नाव होते 'वार्मी'. तिथल्या भाषेत वार्मी म्हणजे बाई. पन्नास गावांतल्या बायका एकत्र बसून आपल्या बाळंतपणातल्या अडचणी मोजू लागल्या, त्यांतल्या मोठ्या कोणत्या ते ठरवू लागल्या. जन्माच्या आसपास दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तीन वर्षांत हजारी 117 वरून 44 वर आले.

यावर शंका घेता येत होती, कारण तुलनेला दुसरी गावे नव्हती. ती उणीव नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात भरून निघाली. डॉ. धर्म मानंधर आणि लंडनचे डॉ. अँथनी कोस्टेलो यांच्या गटाने गावांच्या बारा जोड्या केल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे करून प्रत्येक जोडीतल्या एका भागात बायकांच्या बैठका सुरू केल्या, दुसऱ्यात नाही. बैठक चालवणारी गावातलीच बाई, नर्स नव्हे. तिचे काम सांगण्याचे नाही, विचारण्याचे. चित्रांचे पत्ते मांडायचे, आपल्या गावात काय काय होते ते बायकांनीच निवडायचे, मग उपायही त्यांनीच शोधायचे. कुणी अडल्या वेळेसाठी पैशाचा डबा सुरू केला, कुणी डोंगर उतरायला स्ट्रेचर केले. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. बैठकांच्या गावांत नवजात मृत्यू हजारी 26, बाकीच्या गावांत 37. माता दगावल्या त्या इकडे 2, तिकडे 11.

मला सर्वांत जवळचे वाटते ते झारखंडच्या चक्रधरपूरचे काम. डॉ. प्रशांत त्रिपाठी आणि डॉ. निर्मला नायर यांच्या 'एकजुट' संस्थेने झारखंड-ओडिशाच्या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत 2005 ते 2008 या काळात अशाच बैठका घेतल्या. एखाद्या बाळाची गोष्ट सांगायची आणि विचारायचे, हे बाळ का गेले? थंडीने. पण थंडी का लागली? उघडे ठेवले म्हणून. पण उघडे का ठेवले? सगळ्या आईभोवती होत्या म्हणून. असे "पण का?" विचारत शेवटच्या कारणापर्यंत जायचे. तिथे जिन्नही उरत नाही आणि नशीबही उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू 45 टक्क्यांनी कमी झाले. तिसऱ्या वर्षी आयांमधली मध्यम स्वरूपाची उदासीही 57 टक्क्यांनी कमी आढळली. विशेष म्हणजे दवाखान्यात जाण्याचे प्रमाण फारसे बदललेले नव्हते. बदल झाला तो घरातच. हात साबणाने धुतले जाऊ लागले, नाळेचा दोरा उकळला जाऊ लागला.

सगळीकडे असे यश आले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बांगलादेशातल्या पहिल्या प्रयोगात फरक दिसला नाही. मुंबईच्या 48 झोपडवस्त्यांत असाच प्रयोग झाला, तिथेही नवजात मृत्यू घटले नाहीत. बांगलादेशाचे कारण शोधल्यावर सापडले. तिथे सुमारे 1,400 लोकांमागे एक बैठक होती, एकजुटच्या भागात सुमारे 470 लोकांमागे एक. गरोदर बायका बैठकीपर्यंत पोचतच नव्हत्या. मग बांगलादेशात बैठका वाढवून पुन्हा प्रयोग केला, तेव्हा नवजात मृत्यू 38 टक्क्यांनी घटले. 2013 मध्ये चार देशांतले सात प्रयोग एकत्र तपासले गेले. जिथे गरोदर बायकांपैकी निदान 30 टक्के बैठकीला येत होत्या, तिथे मातामृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा बैठकांची शिफारस केली.

हे सारे वाचताना मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत गेले. आमच्या ओट्यावर बायका कमी नव्हत्या, मायाही कमी नव्हती. कमी होते ते दोनच. जिचे मूल गेले तिला बोलायची मुभा नव्हती, आणि "पावां तो सुजतेच" म्हटल्यावर "पण का?" असे विचारायची रीत नव्हती. बाकावरच्या त्या बाईने पहिली गोष्ट केली. आपले गेलेले लेकरू तिने लपवले नाही. तिच्या दुःखातून मला निदान मिळाले.

आज महाराष्ट्रात 90 टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. यात आनंदच आहे. पण दवाखान्यातली भेट दोन मिनिटांची असते आणि बाकीचे नऊ महिने घरी काढायचे असतात. सातवासा आता हॉलमध्ये होतो. फुगे, कमान, फोटो, जेवण. ढोलक जाऊन स्पीकर आला. त्या आवाजात कुणी कुणाच्या कानाशीही बोलू शकत नाही. दुसरीकडे पोरी मोबाइलवर एकट्याच काहीबाही पाहून घाबरतात.

चार वर्षांपूर्वी भाचीच्या सातवाशाला मी एक हट्ट धरला. स्पीकर तासभर बंद ठेवला. आशाताईंना रक्तदाबाचे यंत्र घेऊन बोलावले. मोहल्ल्यात आणखी पाच जणी गरोदर होत्या, त्यांना गोल करून बसवले. त्यांच्या सासवांनाही बसवले, कारण दवाखान्यात न्यायचे की नाही हे शेवटी त्याच ठरवतात. मग मी फुफीची गोष्ट सांगितली. एक म्हातारी खाला रागावली, "आज के दिन ये बाताँ?" क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. तेवढ्यात मागे बसलेली शेजारची एक बाई बोलू लागली. तिचे मूल सतरा वर्षांपूर्वी गेले होते. तिला तोवर कुणी विचारलेच नव्हते.

त्या दिवशी पाचपैकी एकीचा रक्तदाब वाढलेला निघाला.

दादी तेव्हा हयात होती. कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेली. सगळ्या गेल्यावर तिने मला जवळ बोलावले आणि फुफीचे नाव घेतले. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकले. मग तिने विचारले, "उसका मुँह भी सुजा था. मैं पूछी नै. पूछती तो बचती क्या?"

मी काय उत्तर देणार होते? तिचा हात हातात घेऊन बसले.