पट्ट्यांतून गाणारे गोविंदराव

पियानोची मैफल आम्हां सायखेडेकरांच्या वाट्याला कोठून येणार? गोदावरीच्या काठी एकादशीला भजनी मंडळाची पेटी निघते. तिच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हाच आमचा पियानो! तरीही युरोपातील पियानोवादकांची परीक्षणे मी हौसेने वाचतो. त्यांत एक शाबासकी वारंवार भेटते, वाद्य गाऊ लागले. ती वाचली की मला गोविंदराव टेंबे आठवतात.

मी त्यांना ऐकलेले नाही. ते १८८१ साली जन्मले आणि १९५५ साली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, गेले. 'मानापमान'च्या चालींचे कर्ते म्हणून घरोघरी त्यांचे नाव. परंतु जाणत्यांनी त्यांना वाखाणले ते पेटीवर गायकी उतरवली म्हणून. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसलेला आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याने भारलेला हा माणूस!

ही स्तुती सामान्य नव्हे. सप्तकात पट्ट्या बारा. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळतो, तो मधला रस्ताच पेटीला नाही. पियानोचा स्वर हातोडी पडताच विरू लागतो. पेटीचा स्वर भात्यात वारा आहे तोवर टिकतो, पण जागचा हलत नाही. मग वादकाने करावे काय? शेजारच्या स्वराचा निसटता कण द्यावा, भाता हलक्या हाताने कमीजास्त करावा आणि नसलेली मींड ऐकणाऱ्याच्या कानात उभी करावी.

नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवून नभोवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले. आक्षेप खोटा होता असे मी म्हणणार नाही. पेटीच्या ठरीव स्वरांनी कित्येक गळे बिघडवले असतील. पण ज्या उणिवेवर मात केली म्हणून रसिकांनी टेंब्यांना डोक्यावर घेतले, तीच दाखवून सरसकट सगळ्या पेट्यांना बाहेर काढावे? बंदी १९७१ साली सैल झाली, तेव्हा गोविंदरावांना जाऊन सोळा वर्षे लोटली होती.

परवा वर्गात हे सांगत असता भजनी मंडळातला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, मींड येते की!" शाळेची जुनी पेटी काढली. त्याने एक पट्टी सोडता सोडता दुसरी अलगद दाबली, भाता किंचित सैल केला.

"आली ना?"

"पुन्हा वाजव," मी म्हणालो.