उताराचे ऋण

कुंभकोणमजवळचे तिरुनागेश्वरम् हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव. एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात असलेला हा मुलूख अगदी सपाट आहे. भातशेतीच्या विस्तारात उंच दिसतात ती मंदिरांची गोपुरेच. येथील एखाद्या धावपटूला सह्याद्रीतील सिंहगड-राजगड-तोरणा ही ५० किलोमीटरहून लांब डोंगरी शर्यत धावायची असेल, तर त्याने सराव कोठे करावा? चढासाठी दम कमावता येईल. पण उताराचे काय? या प्रश्नाच्या उत्तराला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९०२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी एक साधी गोष्ट नोंदवली. सवय नसलेल्या श्रमानंतर येणारा थकवा तासाभरात ओसरतो. पण दुसऱ्या दिवशी वेगळाच ठणका सुरू होतो. हा ठणका थकव्याचा नसून स्नायूच्या आत झालेल्या सूक्ष्म इजेचा असावा, असे त्यांचे अनुमान होते.

पुढचा टप्पा लंडनचा. १९५२ मध्ये ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची यांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने त्याला विरोध करायचा. दोघांच्या पायांवरील बल सारखेच. मात्र पुढे मारणाऱ्याला ऑक्सिजन दुपटीहून अधिक लागे आणि वेग वाढला की हे प्रमाण सुमारे पाचपटीपर्यंत जाई. विरोध करणाऱ्याचे स्नायू आकुंचनाचा जोर लावत असतानाच ताणले जात होते. भौतिकशास्त्रात याला ऋण कार्य म्हणतात. ताणल्या जाणाऱ्या स्नायूचा प्रत्येक तंतू अधिक बल पेलतो, म्हणून कमी तंतूंवर काम भागते.

डोंगर उतरणे म्हणजे हेच ऋण कार्य. ७० किलो वजनाचा धावपटू ५०० मीटर खाली येतो, तेव्हा सुमारे ३४३ किलोजूल स्थितिज ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. त्यातला मोठा वाटा मांड्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावून जिरवतात. श्वास लागत नाही, म्हणून उतार स्वस्त वाटतो; पण थोड्या तंतूंवर मोठा भार पडतो आणि तेच तुटतात. १९८१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जिने वारंवार उतरायला लावलेल्या व्यक्तींच्या स्नायूंचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तंतूंची अंतर्गत रचना विस्कटलेली आढळली. हफ यांच्या अनुमानाला सुमारे ऐंशी वर्षांनी दृश्य पुरावा मिळाला.

मग ताकदीचा व्यायाम करावा, तर धावपटूंना भीती होती की त्याने दम कमी होईल. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवड्यांच्या प्रयोगात दोन्ही व्यायाम एकत्र करवून घेतले. शेवटच्या आठवड्यांत ताकदीची वाढ खुंटली. दमाची क्षमता मात्र वाढतच राहिली. १९९९ मध्ये फिनलंडमधील पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंच्या सरावाचा सुमारे एक तृतीयांश वेळ उड्या, वेगवान धावा आणि जोरकस व्यायामाला दिला. नऊ आठवड्यांनी त्यांची कमाल ऑक्सिजन-क्षमता होती तेवढीच राहिली, तरी ५ किलोमीटरची वेळ सुधारली. कारण त्याच वेगाला आता कमी ऊर्जा लागत होती.

ऋण कार्याचा आणखी एक गुण प्रयोगांतून पुढे आला. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखावतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणूनच सपाट प्रदेशातील धावपटूलाही मार्ग आहे: सावकाश खाली जाणाऱ्या बैठका, एका पायावरच्या बैठका, पायरीवरून नियंत्रित उतरणे, खांद्यावर हळूहळू वाढवलेले वजन. सुरुवात थोड्याने करावी आणि शर्यतीच्या आधीचे दिवस विश्रांतीसाठी राखावेत.

तालमीत बैठका मोजल्या जातात त्या उठून उभे राहिल्यावर. डोंगरी धावपटूने मात्र खाली जाण्याचे क्षण मोजावेत. तोरण्याच्या उतारावर तेच कामी येतात.