प्रथिन औषधांतील पृष्ठक्रियाकारके

प्रथिनयुक्त औषधाच्या विद्रावात प्रथिनाचे रेणू उलगडू नयेत व एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ होऊ नयेत, म्हणून अत्यल्प प्रमाणात मिसळण्यात येणारे पृष्ठताण कमी करणारे पदार्थ. पॉलिसॉर्बेट २०, पॉलिसॉर्बेट ८० व पोलोक्झामर १८८ हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यांचे प्रमाण सामान्यतः ०·००१ ते ०·१ टक्का असते.

प्रथिनाचा औषधी गुण त्याच्या रेणूच्या विशिष्ट घडीवर अवलंबून असतो. कुपी हलली की विद्रावात हवेचे बुडबुडे होतात. हवा व पाणी यांच्या आंतरपृष्ठावर प्रथिनाचा जलविरोधी भाग बाहेर येऊन घडी मोडते आणि गुच्छ बनतात. काचेचा पृष्ठभाग, सिलिकोन तेल व गोठणक्रियेत तयार होणारे बर्फाचे स्फटिक यांमुळेही असेच घडते. पृष्ठक्रियाकारकाचे रेणू ही आंतरपृष्ठे अगोदरच व्यापतात; त्यामुळे प्रथिनाला तेथे जागा उरत नाही.

प्रथिन औषधे टिकविण्याचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. परळ येथील हाफकिन संस्थेचा उगम वॉल्डेमार हाफकिन यांच्या १८९६ मधील प्लेगविषयक कार्यात आहे. तेथे तयार होणारी सर्पविषविरोधी लस म्हणजे घोड्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडेच होत. शीतगृहांची सोय नसलेल्या खेड्यांत ती टिकावी म्हणून विद्राव गोठवून शुष्क करण्याच्या पद्धतीचा अवलंब करण्यात आला.

विद्रावरूप औषधांसाठी निराळा उपाय शोधावा लागला. पॉलिसॉर्बेटे ही मुळात स्फोटक द्रव्ये बनविणाऱ्या अमेरिकेतील ॲटलस पावडर कंपनीने ‘ट्वीन’ या व्यापारी नावाने प्रचारात आणली. शरीरात बसविलेल्या पंपांत इन्शुलिनाचे गुच्छ होऊन नळ्या तुंबत. १९८० नंतरच्या दशकात होक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी पोलोक्झामर वर्गातील पदार्थ मिसळून ही अडचण दूर केली. अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेल्या आल्टेप्लेज या रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधात पॉलिसॉर्बेट ८० होते.

स्थिरकारकातील बदल किती गंभीर ठरू शकतो, हे एरिथ्रोपोएटिनाच्या इतिहासावरून दिसते. मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयावरील या औषधात मानवी अल्ब्युमीन स्थिरकारक म्हणून वापरीत. मानवी रक्तजन्य पदार्थातून रोगसंसर्ग होईल या भीतीने यूरोपातील एका उत्पादनात १९९८ मध्ये त्याऐवजी पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आले. पुढे काही रुग्णांत औषधाविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण होऊन अस्थिमज्जेतील तांबड्या कोशिकांची निर्मिती थांबली. अशा १३ रुग्णांचा वृत्तांत निकोल कासादेव्हाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. पॉलिसॉर्बेटाने कुपीच्या रबरी बुचातील द्रव्ये विद्रावात उतरविली असावीत, असे एक स्पष्टीकरण देण्यात आले. नेमक्या कारणाविषयी मतभेद राहिले. तथापि बुचांना फ्ल्युओरोपॉलिमराचे आवरण देण्यात आले व त्वचेखालून औषध देण्यावर निर्बंध आले. त्यानंतर अशा रुग्णांची संख्या घटली.

ठाणे जिल्ह्यात या विषयाला औद्योगिक महत्त्व आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे वसाहतीत झाली. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली व अंबरनाथ येथे रासायनिक व औषधी कारखाने वाढले. ठाणे-बेलापूर मार्गावरील रबाळे येथे रिलायन्स लाइफ सायन्सेस ही संस्था पुनःसंयोजित प्रथिने तयार करते; तिने २००८ मध्ये एरिथ्रोपोएटीन बाजारात आणले. कल्याण-डोंबिवलीलगतच्या अंबरनाथ येथे भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना आहे. प्रतिविषे, हॉर्मोने व प्रतिपिंडे ही तिची उत्पादने आहेत. अशा समरूप जैव औषधांची मूळ औषधाशी गुणवत्ता, सुरक्षितता व परिणामकारकता यांबाबत तुलना करण्याविषयीची भारतीय मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये निघाली व २०१६ मध्ये सुधारण्यात आली.

पॉलिसॉर्बेटे पूर्णतः निर्दोष नाहीत. ऑक्सिडीभवनाने त्यांत पेरॉक्साइडे उत्पन्न होतात व ती प्रथिनालाच अपाय करतात. शुद्धीकरणात मागे राहिलेल्या वसाविघटक एंझाइमांमुळे त्यांचे जलीय विच्छेदन होऊन वसाम्लांचे कण विद्रावात दिसू लागतात. म्हणून पॉलिसॉर्बेटाची शुद्धता, साठवणीचे २° ते ८° से. तापमान व बुचाचा प्रकार यांचा विचार औषधाबरोबरच करावा लागतो. रुग्णाला टोचले जाते ते केवळ प्रथिन नसून कुपीतील संपूर्ण मिश्रण होय.