तेल दिसतं कुठे, गळतं कुठून : स्पोर्ट्स कारच्या दोन दुखण्यांचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या माणसाने आज इंजिनावर बोलायचं ठरवलं आहे, याचं काहींना आश्चर्य वाटलं असेल. कारण आधीच सांगून टाकतो. या विषयात आम्ही एक चूक केलेली आहे, आणि तिचे पैसे आमच्या पुतण्याला भरावे लागले.

पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याने हौसेने एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली, अमेरिकेत जिला मिआटा म्हणतात ती. १९९० सालची, दोन माणसांची, छत उघडणारी. गाडीला दोन दुखणी होती. उभी असताना इंजिन मिसिंग करायचं, म्हणजे चारांतला एक सिलिंडर नीट पेटत नव्हता. आणि जिथे इंजिन गिअरबॉक्सला जोडलेलं असतं, त्या जागेखाली रोज सकाळी तेलाचा डाग. गॅरेजवाल्याने सांगितलं, क्रँकशाफ्टचं मागचं ऑईल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पुतण्याने आम्हाला फोन केला. "काका, तुम्ही जन्मभर लॉजिक शिकवलंत. तुम्हाला काय वाटतं?" आम्ही म्हणालो, "अरे, तेल जिथे टपकतंय तिथलंच सील गेलं असणार. यात विचार कसला करायचा?"

गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, भलंमोठं बिल झालं. आठवड्याभरात डाग पुन्हा हजर. मिसिंग तर होतंच.

आता आमचं हे उत्तर इतक्या सहज तोंडातून का आलं, ते पाहू. त्यासाठी थोडं मागे, इंग्लंडात जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत छोटी उघडी स्पोर्ट्स कार म्हणजे इंग्लिश गाडी, असं समीकरण होतं. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, लोटस. एकटी एमजीबी घ्या. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. या गाड्यांवर लोकांनी जीव लावला आणि त्यांच्या तेलावर विनोदही केले. गाडीखाली तेल दिसत नसेल तर घाबरा, आत तेल उरलेलं नाही, असा एक विनोद तिकडे अजून चालतो.

पण हा नुसता विनोद नाही. त्यामागे रचना आहे. त्या काळच्या अनेक इंग्लिश इंजिनांत, उदाहरणार्थ एमजी मिजेटच्या ए-सिरीज इंजिनात, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी एक खाच कापलेली असे. शाफ्ट फिरला की ती खाच बाहेर येणारं तेल पुन्हा आत ढकलायची. कल्पना छान आहे. घासायला रबर नाही, झिजायला काही नाही. पण यातली गोम लक्षात घ्या. ही खाच काम कधी करणार? शाफ्ट फिरत असताना. इंजिन बंद केलं की तेलाला अडवणारं तिथे कुणीच नाही! त्यात बेअरिंग झिजून फट वाढली, किंवा पिस्टन रिंगांपलीकडून येणाऱ्या वायूंचा दाब इंजिनाच्या पोटात साठला, की डाग मोठा होत जाई. म्हणजे त्या गाड्यांत मागून थोडं तेल येणं हा बिघाड नव्हता, स्वभाव होता. स्पोर्ट्स कार आणि मागून तेल, ही जोडी दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांच्या डोक्यात पक्की बसली. आणि ऐकून ऐकून आमच्यासारख्यांच्याही.

१९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ साली, बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं होतं की तशी साधी, हलकी, उघडी गाडी आता तुम्ही करा. पुढे तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली ती झाली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. डोळ्यांपुढे जुन्या इंग्लिश गाड्या, विशेषतः लोटस एलान, होत्या. रूप त्यांचं घेतलं, तेलगळती घेतली नाही. १.६ लिटरचं इंजिन, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, आणि मागे व्यवस्थित रबरी सील. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या.

पण रबर हे रबर. पंचवीस-तीस वर्षं उष्णता खाऊन ते कडक होतं, आकसतं. या इंजिनात कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला एक सेन्सर बसवलेला आहे. कॅमशाफ्ट नेमका कुठल्या कोनात आहे हे तो कळवतो. त्याच्याभोवती एक छोटी ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल तिथून बाहेर पडतं, इंजिनाच्या पाठीवरून, जिथे हातही धड जात नाही अशा सांदीतून खाली उतरतं, आणि नेमकं गिअरबॉक्सच्या तोंडापाशी टपकतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, मागचं सील गेलं.

आता आमच्या तर्कशास्त्रात या चुकीला नाव आहे. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे न्यायदर्शनातलं अनुमान तुम्हाला माहीत आहे. ते टिकतं, कारण अग्नीवाचून धूर कुठेच सापडत नाही. उलट करून पाहा. अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे टिकत नाही. तापलेला लोखंडी गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं. मागचं सील गेलं तर तेल तिथे टपकेल, हे खरं. पण तेल तिथे टपकतंय म्हणून सीलच गेलं, हे सिद्ध होत नाही. तेच तेल वरूनही येऊ शकतं. अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, आणि गौतमाच्या यादीत हेत्वाभासांची सुरुवातच त्याच्यापासून होते. वर्गात आम्ही हे दर वर्षी शिकवलं. फोनवर विसरलो.

चांगला मेकॅनिक काय करतो? आधी इंजिन धुऊन कोरडं करतो. मग थोडं चालवून बघतो. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून तो सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधतो. सगळ्यात जास्त ओली नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे.

आता मिसिंगकडे येऊ. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटायला हवा. एक बंद पडला तर मिनिटाला ४०० ठोके चुकतात. हा चुकार सिलिंडर कुठला, हे शोधायची जुनी रीत म्हणजे एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करायचा. ज्याला बंद केल्याने इंजिनाचा आवाज आणखी पडतो, तो काम करत होता. ज्याला बंद करून काहीच फरक पडत नाही, तो चोर. आपण ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतो आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली ज्याला भेदाची पद्धत म्हणून मांडलं, तेच हे.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना हे काम संगणकाकडे द्यावं लागलं. कारण प्रदूषणाचं होतं. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो निकामी होतो. संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातला बारीकसा अडखळ मोजतो आणि पी०३०३ असा कोड देतो, म्हणजे तिसरा सिलिंडर. पण कोड 'कुठे' सांगतो, 'का' सांगत नाही. आणि ओ-रिंगमधून तेल गळतंय याला तर कोडच नाही.

पुतण्याची गाडी १९९० ची, तेव्हा जुनी रीतच. एकेका इंजेक्टरची जोडणी काढून त्याने पाहिलं. तिसऱ्याला फरक पडेना. या इंजिनात दोन कॉइल असतात, एक पहिल्या-चौथ्याला, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला. कॉइल गेली असती तर बहुधा दुसराही चुकला असता. तो तर ठणठणीत होता. म्हणून त्याने तिसऱ्या प्लगची केबल उपसली, आणि तिच्या टोकाला तेल! टॅपेट कव्हरचं गॅस्केट कडक होऊन प्लगच्या विहिरीत तेल साचलं होतं, केबलची रबरी टोपी त्यात फुगून सैल झाली होती, आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधेच विहिरीच्या भिंतीवर उडत होती. विहिरीतलं तेल आधी टिपून घेतलं, मगच प्लग काढला, नाहीतर ते सिलिंडरमध्ये गेलं असतं. गॅस्केट, केबल, प्लग बदलले. सेन्सर सोडवण्याआधी त्याच्या जागेवर खूण केली, कारण तो जरा फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. मग काही डॉलरची ओ-रिंग घातली. मिसिंग गेलं, डागही गेला. दोन दुखणी वेगळी वाटत होती, मूळ एकच निघालं, म्हातारं झालेलं रबर.

गॅरेजवाल्याला दोष द्यायला आमची जीभ धजत नाही. त्याने निदान गाडीखाली वाकून पाहिलं तरी होतं. आम्ही आठ हजार मैलांवरून निकाल दिला.

गेल्या हिवाळ्यात पुतण्या पुण्याला आला तेव्हा ते काढलेलं सील घेऊन आला होता. "काका, बघा, काही झालं नव्हतं याला." आम्ही बोटाने दाबून पाहिलं. खरंच, अजून मऊ होतं.

इथे थांबतो. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, फक्त आपापल्या गाडीचं निदान मागू नका.