लावणारा आणि खाणारा

आमच्या राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा प्रकटते. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात. पण नेमकी कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. लहानपणी आम्ही मुलं त्यावर चिंचोके लावायचो. गंमत अशी, की चिंचोके साठत ते पैजा घेणाऱ्या थोरल्या मुलाकडे. असं का, हे मला मुंबईच्या सट्ट्याचा इतिहास वाचताना उमगलं.

कलकत्त्याच्या सरकारी लिलावात पाटण्याच्या अफूला काय भाव येईल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. असा एक वाद थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ साली ती पैज कायदेशीर ठरली. त्याच वर्षी पैजेचे करार रद्दबातल ठरवणारा कायदाही आला. तरी सट्टा थांबला नाही. पुढे पावसावर पैजा सुरू झाल्या. १८९० साली त्यांवर बंदी आणावी लागली.

अशा बाजारात दोन माणसं असतात, लावणारा आणि खाणारा. खाणारा कुणाचीही पैज घ्यायला तयार बसतो, म्हणून तर बाजार चालतो. त्याची मजुरी म्हणून तो भावात थोडा फरक ठेवतो. त्याला भीती एकाचीच, आपल्यापेक्षा ज्याला जास्त कळतं त्याची. आभाळ ओळखणारा माणूस त्याला बुडवू शकतो.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईत येत, त्यांच्या आकड्यांवरही पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग १९६२ साली कल्याणजी भगत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आकडा आता चिठ्ठ्यांतून, पुढे पत्त्यांतून निघू लागला. खरी गोम इथेच आहे. आकडा आधी कळण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि खाणाऱ्याची शहाण्या गिऱ्हाइकाची भीती संपली. आकडे दहा, मोबदला नऊ पट. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लागले, तर जमा शंभर, देणं नव्वद. उरलेले दहा खाणाऱ्याचे, रोजचे.

लावणाऱ्यांत गिरणगावातले आमचे चाकरमानी होते. 'अमक्याला आकडा लागला' ही बातमी वाडीत लगेच पोचायची. न लागलेल्यांची बातमी मनीऑर्डरच्या रकमेवरून कळायची.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये निवडणुकीच्या निकालांवर असा छोटा बाजार अभ्यासासाठी भरवला. आता इंटरनेटवर मोठे बाजार भरतात. साधनं बदलली, पण लावणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न जुनाच आहे: मला खरंच काही जास्त कळतंय का?

आमचा थोरला मुलगा एकदाच बुडाला. उन्हाळ्याच्या एका पोराने सगळे चिंचोके 'उद्या' वर लावले. तो सकाळीच कुंडात पाणी झिरपताना बघून आला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)